नक्षा ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती

संगणकावर चालणारे कटिंग आणि आपले सुतार-लोहार बांधव

उमापूरसारख्या गावच्या बाजारपेठेत आज एक गोष्ट कुणाच्याही नजरेत भरते. दारा-खिडक्यांच्या नक्षीदार लोखंडी जाळ्या, दुकानांच्या पाट्यांवरची उठावदार अक्षरे, दिवाणखान्यातील एमडीएफचे पडदे, मशिदीच्या खिडकीला बसवायची जाळीदार चौकट, हा माल बहुतेक शहरातून कापूनच येतो. गावातला कारागीर तो जोडतो, ठोकतो आणि बसवतो. त्याला मजुरी मिळते, पण नफा वाटेतच कुठेतरी उतरून जातो. काल जो माणूस स्वतः माप घेऊन, स्वतः कापून, स्वतः जोडून पूर्ण मालाचे पैसे घेत होता, तो आज केवळ फिटिंगवाला होऊन राहिला आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. लोखंड-लाकडाच्या कामात आम्हाला बोलण्याचा काय अधिकार, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, ही विद्या मुळात कापडाच्याच धंद्यातून निघालेली आहे. यंत्र आल्यावर कारागिराच्या हातून नेमके काय जाते आणि काय राहू शकते, हे कापडवाल्यांनी दोनशे वर्षे पाहिले आहे. ते अनुभवाचे बोल सुतार, लोहार आणि वेल्डिंगवाल्या बांधवांच्या कामी यावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कापडावरून लोखंडावर

फ्रान्समधील लिओन शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ जाकार्ड याने मागावर भोकाच्या पुठ्ठ्यांची माळ बसवली. पुठ्ठ्यात भोक असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खाली राहतो. उस्तादाच्या डोक्यात असलेली सारी नक्षी अशा रीतीने पुठ्ठ्यावर उतरली. आपल्याकडे येवल्याच्या मागांवर हा जाकार्ड वाचकांनी पाहिला असेल. ज्याच्याजवळ पुठ्ठे, त्याच्याजवळ ती नक्षी, मग विणणारा कोणीही असो.

पुढे हीच कल्पना लोखंडाकडे गेली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरच्या आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. पट्टीची जागा नंतर संगणकाने घेतली आणि त्याला सीएनसी हे नाव पडले. सीएनसी म्हणजे जादू नव्हे. डावीकडून उजवीकडे किती, पुढून मागे किती, वरून खाली किती, असे तीन आकडे यंत्राला ओळीओळीने सांगितले जातात आणि हत्यार तेवढेच सरकते. शिंप्याने खडूने कापडावर आखावे आणि कात्रीने त्याच रेषेवरून जावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे खडू संगणकात आहे आणि कात्री मोटारीच्या हातात आहे.

बारामतीत जन्मलेल्याचा लेझर

या धंद्यात सर्वांत जास्त नाव लेझरचे ऐकू येते. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी बनवला. परंतु लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडे आणि कापड कापणारा जो सीओटू लेझर आज गल्लीबोळात दिसतो, तो कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधून काढला. हे कुमार पटेल १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे अमेरिकेला गेले. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९६७ साली इंग्लंडमध्ये लेझरला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन पोलादी पत्रा कापून दाखवण्यात आला, आणि तेथून कारखान्यांचा रस्ता खुला झाला. तेव्हा ही विद्या परक्यांची आहे, आपल्याला ती जमणार नाही, असे म्हणण्याचे काही कारण नाही.

कोणते यंत्र काय कापते

बाजारात 'लेझर कटिंग' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात, त्यामुळे गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही फसतात. प्रत्यक्षात यंत्रे चार प्रकारची आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला, वर सांगितलेला सीओटू लेझर. तो लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, चामडे आणि सुती कापड कापतो. पत्र्यावरून मात्र त्याचा किरण बराचसा परत फिरतो, म्हणून लहान यंत्रात धातूचे काम होत नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रेक्झिन आणि पीव्हीसी यात कधीही कापू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, तो छातीत जातो आणि यंत्रालाही गंज चढवतो.

दुसरा फायबर लेझर. हा धातूसाठी आहे. याचा काप अगदी बारीक, साधारणपणे पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. साध्या लोखंडाला ऑक्सिजन आणि स्टीलला नायट्रोजन लावतात. नायट्रोजनने कड काळी न पडता चकचकीत राहते. हे यंत्र महाग आहे आणि वीजही चोख मागते.

तिसरा सीएनसी प्लाझ्मा. दाबाची हवा आणि विजेचा आर्क यांनी तो पत्रा वितळवून उडवतो. काप दीड-दोन मिलिमीटर रुंद पडतो, कड थोडी तिरपी राहते आणि बारीक नक्षी येत नाही. पण जाड पत्र्याच्या शेतीकामाला, गेटच्या पट्ट्यांना आणि ट्रॉलीच्या भागांना तो पुरेसा आहे व लेझरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. वेल्डिंगवाल्यांच्या हाताशी बसणारे यंत्र हेच.

चौथा लाकडाचा सीएनसी राऊटर. यात फिरणारे पाते असते. पाते गोल असल्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही. ६ मिलिमीटरचे पाते असेल तर कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई राहणारच. ती पटाशीने काढावी लागते, नाहीतर नक्ष्यातच कोपऱ्याला जादा खाच द्यावी लागते. पटाशी चालवणारा हात येथेही लागतोच, हे ध्यानात घ्यावे.

लोहाराचेही तसेच. कोळप्याची किंवा वखराची पास प्लाझ्मावर एकसारख्या आकारात शेकड्याने कापून मिळेल. पण पोलाद कोणते घ्यायचे, पाणी कसे द्यायचे, धार किती ठेवायची, आपल्या काळ्या जमिनीत ती कोणत्या कोनात चालेल, हे यंत्राला ठाऊक नाही. यंत्र सपाट तुकडा देते. अवजार लोहार बनवतो.

फुटाचा हिशोब आणि मिलिमीटरचा हिशोब

आता नफ्या-तोट्याचे बोलू. आपले मिस्त्री फुटात आणि सुतात माप घेतात. यंत्र मिलिमीटरमध्ये चालते. हा केवळ पट्टीचा फरक नाही, पैशाचा फरक आहे.

एक उदाहरण घेऊ. प्लायवूडचा आठ बाय चारचा ताव म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटाची फळी एक फूट रुंद, म्हणजे ३०५ मिलिमीटर ठेवली तर चार फळ्यांनाच १२२० मिलिमीटर लागतात. राऊटरचे पाते प्रत्येक कापात ६ मिलिमीटर लाकूड खाते. तीन कापांचे १८ झाले. एकूण १२३८. तावात ते बसत नाही, म्हणून फळ्या निघतात तीनच आणि उरलेली पट्टी कोपऱ्यात पडून राहते. तीच फळी २९८ मिलिमीटरची ठेवली, तर चार फळ्यांचे ११९२ आणि कापांचे १८ मिळून १२१० होतात. एका तावात चार फळ्या निघाल्या. गिऱ्हाइकाला सात मिलिमीटरचा फरक दिसतही नाही, पण कारागिराला प्रत्येक तावामागे एक फळी फुकट मिळते.

कापडाच्या धंद्यात कटिंग मास्तर पायजम्याचे पाय उलटसुलट मांडून वार वाचवतो. लोखंड-लाकडाच्या यंत्रात या मांडणीला नेस्टिंग म्हणतात. संगणक ते सेकंदात करतो. परंतु माप सात मिलिमीटरने घटवले तरी चालेल का, याचा निर्णय तो करू शकत नाही. गिऱ्हाइकाचे घर पाहिलेला माणूसच तो करू शकतो.

पत्र्याचा हिशोबही तोंडपाठ असावा. १ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचे वजन ७.८५ किलो. त्यावरून आठ बाय चारचा ३ मिलिमीटरचा ताव सुमारे ७० किलो भरतो. कटिंगवाला दर सांगताना वजन धरतो की कापाची लांबी, हे आधी विचारावे. नक्षीदार जाळीत वजन थोडे असते, पण काप मैलभर असतो आणि प्रत्येक भोकाला किरण नव्याने आत शिरावा लागतो. त्याचाही दर लागतो. म्हणून तीच शोभा कमी भोकांत कशी येईल, हे पाहणारा कारागीर स्वस्तात माल देऊ शकतो. शिवाय भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान धरू नये, हा साधा नियम पाळला तर वाया जाणारा माल बराच कमी होतो.

नक्षा कुणाचा?

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या दुकानासाठी आम्ही खाचेत बसणाऱ्या प्लायवूडच्या मांडण्या करून घेतल्या. माप आमच्या गावच्या मिस्त्रींनी घेतले, कापड किती वजनाचे, ठाण किती रुंद, हात कुठवर पोहोचतो, सारे त्यांनी पाहिले. कापायला काम शहरातील एका वर्कशॉपमध्ये दिले. तेथल्या मुलाने १८ मिलिमीटरचा प्लाय म्हणून खाच १८ ची ठेवली. प्रत्यक्षात तो प्लाय भरला सव्वासतरा. सर्व खाचा ढिल्या पडल्या आणि मिस्त्रींना पाचरी मारून त्या घट्ट कराव्या लागल्या.

येथवर ठीक होते. पुढच्या हंगामात आणखी चार मांडण्या हव्या होत्या. मिस्त्रींनी वर्कशॉपकडे फाईल मागितली. उत्तर आले, "फाईल आमची आहे, माल आमच्याकडेच कापावा लागेल." दर मात्र दीडपट सांगितला. मिस्त्री आम्हाला म्हणाले, "शेठ, डोकं माझं, माप माझं, आणि मालक तो झाला."

या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. कापणारे यंत्र आज याच्याकडे आहे, उद्या त्याच्याकडे असेल. जेवढी यंत्रे वाढतील तेवढा कापण्याचा दर उतरेल. नक्षा मात्र ज्याच्या हातात राहील, त्याच्याकडेच गिऱ्हाईक परत येईल. जाकार्डच्या पुठ्ठ्यांची गोष्ट हीच होती.

आपल्या मराठवाड्यात नक्ष्याची कदर जुनी आहे. पूर्वीच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्लाह आणि हंसपत राय ही दोन नावे कोरलेली आहेत. पहिले रचनाकार आणि दुसरे अभियंता. ज्याने आखणी केली त्याचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, सुतार-लोहार बांधवांनी यंत्र विकत घेण्याआधी नक्षा काढायला शिकावे. यासाठी मोठा खर्च नाही. एक साधा संगणक आणि फ्रीकॅड, लिब्रेकॅड किंवा इंकस्केप यांपैकी एखादे सॉफ्टवेअर पुरे. ही तिन्ही फुकट मिळतात आणि कायदेशीररीत्या वापरता येतात. त्यातून डीएक्सएफ नावाची फाईल निघते, ती बहुतेक सर्व कटिंगवाले घेतात. मोबाईलवर काढलेला फोटो पाठवणे म्हणजे शिंप्याला सदऱ्याचा फोटो देऊन माप न देण्यासारखे आहे.

फाईल देताना काही गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत, असे स्पष्ट लिहावे. इंच आणि मिलिमीटरची गफलत झाली तर माल २५ पटीने लहान-मोठा होतो. प्लायची व पत्र्याची जाडी नावावर न जाता व्हर्नियरने मोजून लिहावी. एकाच रेषेवर दुसरी रेष पडलेली नाही ना, हे पाहावे. नाहीतर यंत्र तीच जागा दोनदा कापते आणि पैसे दोनदा लागतात. नग किती, दर्शनी बाजू कोणती आणि लाकडाची रेघ कोणत्या दिशेने, हे लिहावे. आणि पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे की फाईल आपली आहे. एक नमुना कापून, जोडून, हाताने तपासल्याखेरीज पूर्ण मालाचा हुकूम देऊ नये.

हरफ जाणणाऱ्याचे काम

एका कामात आपल्या कारागिरांना शहरवाल्यांपेक्षाही जास्त वाव आहे, ते म्हणजे अक्षरे. पत्र्यातून अक्षर कापून काढले की त्याचे सुटे भाग वेगळे पडतात. देवनागरीत अनुस्वार सुटतो. उर्दू-अरबीत नुक्ते सुटतात. बसवताना नुक्ता वरचा खाली गेला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे उर्दू शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. जाळीच्या कामात याच्या उलट अडचण येते. तेथे अक्षराची जागा रिकामी होते, आणि 'म' किंवा 'व' यांच्या पोटातला बंद तुकडा गळून पडतो. त्याला बारीक पूल ठेवून धरावे लागते आणि तो पूल अक्षराची शोभा न बिघडवता कुठे ठेवायचा, हे हरफ जाणणाराच ठरवू शकतो. शिवाय आपल्या लिपीतील मजकूर फाईलमध्ये रेषांत रूपांतरित करून न पाठवल्यास दुसऱ्याच्या संगणकावर काने-मात्रे विस्कटतात. पाट्या, कमानी, मशिदी-मदरशांची आणि शाळांची कामे यात हे ज्ञान म्हणजे सरळ रोजगार आहे. ज्या घरात मुलीचे अक्षर सुंदर आहे, त्या घराने याचा जरूर विचार करावा. नक्षा काढण्याचे काम घरात बसूनही होते.

पाबळचा धडा

खेड्यात हे जमेल का, अशी शंका कुणाला येईल. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातले पाबळ पाहावे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्यांचे तत्त्व. शाळेत न रमलेली खेड्यातली मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती असे सारे शिकत. २००२ साली एमआयटीच्या प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. संगणकावर नक्षा काढून लहान यंत्रांवर वस्तू घडवण्याची ही कार्यशाळा मुंबईच्या आधी एका खेड्यात आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज जगात अशा कार्यशाळा दोन हजारांच्या वर गेल्या आहेत.

पाबळचा धडा असा की, यंत्र गावात आले म्हणून गाव शिकले नाही. हाताला काम करण्याची सवय आधी होती, म्हणून यंत्र तेथे उपयोगी पडले. आपल्या मोहल्ल्यांत हाताची ती सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. कमी आहे ती फक्त आखणीची.

शिक्षण आणि भांडवल

आपल्या जवळचे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूम. ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे टूल अँड डाय, सीएनसी आणि संगणकीय आखणीचे अभ्यासक्रम चालतात. प्रवेशाच्या अटी आणि फी समक्ष जाऊन विचारावी. ऐकीव माहितीवर मुलाचे वर्ष घालवू नये.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ हस्तव्यवसाय आहेत व त्यांत सुतार आणि लोहार दोन्ही येतात. योजनेत पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर ठेवलेले आहे. कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत, ५ टक्के दराने मिळते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. सध्याच्या नोंदणीची चौकशी जवळच्या सीएससी केंद्रावर करावी. व्याजाचा व्यवहार ज्यांना नको, त्यांनी प्रशिक्षण आणि हत्यारांचा भाग तरी सोडू नये.

यंत्रच घ्यायचे असेल तर एकट्याने कर्जात उडी घेऊ नये. वीज, गॅस, सुटे भाग आणि दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्याचे दिवस हा खर्च यंत्राच्या किमतीत दाखवत नाहीत. त्यापेक्षा चार-पाच कारागिरांनी नफ्या-तोट्याच्या भागीदारीत, लेखी करारानिशी एक लहान यंत्र घ्यावे; आणि तेही वर्षभर बाहेर कापून घेतलेल्या कामाचा हिशोब वहीत मांडल्यानंतर. वही सांगेल की महिन्याला किती तावांचे काम आपल्याजवळ खरोखर आहे. तेवढे काम नसेल तर दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन कापून घेणे हाच शहाणपणाचा सौदा आहे. त्यात कमीपणा काही नाही. आम्हीही कापड विकतो, माग आमच्या घरी नाही.

प्रत्येक सुतार-लोहाराच्या घरातील एका मुलाने किंवा मुलीने येत्या वर्षात नक्षा काढणे शिकावे आणि बापाच्या डोक्यातील मापे एकेक करून फाईलमध्ये उतरवावीत. कोळप्याची पास, बैलगाडीची साठी, दाराची चौकट, पाळण्याची कड, मिंबरची जाळी, ही सारी आपल्या वडीलधाऱ्यांची कमाई आहे. ते कागदावर नसेल तर त्यांच्याबरोबर जाईल, आणि दुसऱ्याच्या संगणकात असेल तर आपल्यालाच विकत घ्यावे लागेल. व्यापारी बांधवांनीही एवढे करावे की, माल कापायला शहरात पाठवताना नक्ष्याचे पैसे वेगळे धरून ते गावच्या कारागिराला द्यावेत. मजुरी सर्वच देतात. आखणीचा मोबदला देण्याची रीत आपल्या बाजारपेठेत अजून पडलेली नाही, ती आपणच पाडली पाहिजे.